देशपांडे, सुलभा

देशपांडे, सुलभा : (१९३७ – ४ जून २०१६). मराठी प्रायोगिक रंगभूमीवरील अभिनेत्री, बालनाट्य दिग्दर्शक आणि समांतर चित्रपटांतील चरित्र अभिनेत्री. माहेरचे आडनाव कामेरकर. जन्म मुंबईचा. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि नाटकाची वाटही तिथूनच, शाळेतल्या मुलांसाठी नाटके बसवता बसवता सुरू झाली. पुढे त्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेत आल्या. दिग्दर्शक-अभिनेते अरविंद देशपांडे हे त्यांचे पती.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधील लीला बेणारे ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचे होते. बेणारे शिक्षिका, नाटकमंडळी गंमत म्हणून तिच्यावर अभिरूप खटला भरतात आणि बघता बघता तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड सुरू होते. अखेरीस न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बचावासाठी दहा सेकंद देतात. बाकी सगळी पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारेचे प्रदीर्घ स्वगत येते. कोर्टाच्या लेखी मात्र ती एक शब्दही बोललेली नसते. हे स्वगत मूळ लेखनात नव्हते, दिग्दर्शकाच्या आग्रहाखातर तेंडुलकरांनी ते लिहून दिले. पुढे कितीजणींनी बेणारे केली तरी तुलना होत राहिली ती सुलभाताईंशीच. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये या नाटकावर चित्रपट केला, त्यातही बेणारे त्यांनीच साकारली.

त्याच वर्षी ‘रंगायन’ फुटली. देशपांडे दांपत्याने सहकाऱ्यांसह ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. इतर संस्थांनाही तिथे जागा मिळत गेली आणि ‘छबिलदास चळवळ’ हे नाव रूढ झाले. व्यावसायिक नाट्यगृहांचे भाडे न परवडणाऱ्या नाटकांना ही जागा म्हणजे मोठाच आधार होता. चळवळीचा इतिहास सांगताना नाटककार आणि दिग्दर्शकांचीच नावे आधी घेतली जातात. संस्था चालवण्यातला सुलभाताईंचा वाटा त्यामानाने कमीच बोलला जातो. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले, त्यानंतरही त्या ‘आविष्कार’च्या कामात राहिल्या.

‘चंद्रशाला’ ही ‘आविष्कार’ची मुलांसाठीची शाखा त्यांनी उभी केली. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचे गाजलेले नृत्यनाट्य. मुलांची फौज रंगमंचावर नाचती-गाती ठेवणारा हा प्रयोग पुढे अनेक वर्षे, नव्या नव्या मुलांना घेऊन होत राहिला.

चित्रपट त्यांनी पुष्कळ केले, पण बहुतेक आईच्या, सासूच्या किंवा आजीच्या भूमिकांत. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७), सईद मिर्झा यांचा ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) हे त्यांतले महत्त्वाचे. मराठीत ‘चौकट राजा’ (१९९१) मध्ये त्या मतिमंद नंदूची आई झाल्या. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मधील श्रीदेवीची सासू ही तरुण प्रेक्षकांना त्यांची ओळख. बेणारेच्या तोडीची मध्यवर्ती भूमिका पडद्याने त्यांना पुन्हा दिली नाही, हे मान्य करावेच लागेल.

१९८७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईत त्यांचे निधन झाले.