आठवण घडताना आड येणारा रेणू : एपी-५

परीक्षांचे दिवस आले की 'ब्रेन टॉनिक'च्या जाहिराती सुरू होतात. यंदा एका जाहिरातीत वाचलं, की सिरपमधल्या ग्लुटामिक आम्लामुळे मुलांची स्मरणशक्ती वाढते. ग्लुटामेट, म्हणजे या आम्लाचंच शरीरातलं रूप, मेंदूत निरोप पोचवतो, इथपर्यंत खरं. पण तो टोमॅटोत असतो, डाळीत असतो, दुधात असतो. रक्तात आलेला ग्लुटामेट मेंदूभोवतीचा अडसर सहसा ओलांडत नाही, आणि मेंदू आपल्यापुरता ग्लुटामेट स्वतःच बनवतो. पालकांनी त्या बाटलीवर एक रुपयाही घालवू नये.

आठवणीशी ग्लुटामेटचं खरं नातं उलगडलं ते त्याला रोखणाऱ्या एका रसायनामुळे. घरातली वायरिंग कळत नसेल तर आपण एकेक फ्यूज काढून कोणता दिवा विझतो ते बघतो. एपी-५ हे संशोधकांच्या हाती आलेलं असंच साधन. ब्रिस्टलमध्ये जेफ वॉटकिन्स यांच्या गटाने ग्लुटामेटसारखे दिसणारे कितीतरी रेणू तयार करून तपासले, त्यांतला हा एक. ग्लुटामेटपेक्षा त्याची साखळी एका कार्बनने लांब आहे आणि टोकाला फॉस्फरसचं आम्ल आहे. फरक एवढाच, पण ग्लुटामेटच्या अनेक ग्राहकांपैकी (ग्राहक म्हणजे निरोपाचा रेणू झेलणारं पेशीवरचं प्रथिन) तो नेमका एनएमडीए नावाचाच ग्राहक अडवतो.

हा ग्राहक म्हणजे निसर्गाची कमाल आहे. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. इथेही तसंच. पहिली चावी ग्लुटामेट, ती निरोप धाडणाऱ्या पेशीकडून येते. ती लागली तरी वाट मोकळी होत नाही, कारण मधल्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. शांत पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर असते आणि धनभारित मॅग्नेशियम त्या ऋण बाजूकडे ओढलं जातं. निरोप घेणारी पेशी आधीच उत्तेजित झाली असेल, तरच आतला ऋणभार कमी होतो, बूच सुटतं आणि कॅल्शियम आत शिरतं. ही दुसरी चावी. थोडक्यात, 'याने हाक मारली आणि त्याच क्षणी तो जागा होता' ही जुळणी एकच प्रथिन ओळखतं! (ग्लायसीन किंवा डी-सेरीन हा आणखी एक रेणूही तिथे बसलेला लागतो, पण इथे तो धरून चालू.) आत आलेल्या कॅल्शियममुळे काही एन्झाइम जागी होतात, एएमपीए नावाचे आणखी ग्राहक त्या चेतासंधीवर, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्यावर, येऊन बसतात, आणि पुढच्या वेळी तीच हाक जास्त जोरात ऐकू येते.

एपी-५ पहिल्या चावीच्या भोकात जाऊन बसतं. ग्राहकाचा तो भाग उघड्या शिंपल्यासारखा असतो. ग्लुटामेट बसला की शिंपला मिटतो आणि त्या ओढीने खालचं दार उघडतं. एपी-५ बसलं की शिंपला मिटतच नाही. यातही उजव्या-डाव्या हातांसारखी दोन रूपं आहेत आणि काम करतं ते 'डी' रूप.

चेतासंधी बळकट होते हे ओस्लोत ब्लिस आणि लोमो यांनी सशांवर काम करून १९७३ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. झपाट्याने विजेचे झटके दिल्यावर हिप्पोकॅम्पसमधला (मेंदूतला आठवणींशी निगडित भाग) प्रतिसाद तासन्‌तास वाढलेला राही. याला एलटीपी (लाँग-टर्म पोटेन्शिएशन, म्हणजे टिकून राहणारी बळकटी) म्हणतात. १९८३ मध्ये कॉलिंगरिज, केल आणि मॅक्लेनन यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या जिवंत कापावर एपी-५ सोडलं. नेहमीचे निरोप चालूच राहिले, बळकटी मात्र आली नाही. रसायन धुऊन टाकल्यावर तेच झटके दिले, तर आली.

पण याचा शिकण्याशी संबंध आहे का? १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांना गढूळ पाण्याच्या गोल हौदात सोडलं. पृष्ठभागाच्या जरा खाली एक चौथरा लपवलेला होता. साधा उंदीर आधी कडेकडेने पोहतो, मग खोलीतल्या खुणा बघत काही खेपांत सरळ चौथऱ्याकडे जायला शिकतो. मेंदूत सतत एपी-५ सोडलेल्या उंदरांना ती जागा नीट लक्षात राहीना. चौथरा काढून घेतला तरी साधे उंदीर त्याच भागात घुटमळत, हे मात्र हौदभर भटकत. डोळ्यांना दिसणाऱ्या दोन चौथऱ्यांतला फरक शिकण्यात त्यांना काही अडचण आली नाही, म्हणजे दृष्टी आणि पोहणं शाबूत होतं. आधी पाठ झालेली जागाही एपी-५ने पुसली जात नाही, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं.

मग १९९५ मध्ये मॉरिस यांच्याच प्रयोगशाळेतून वेगळा निकाल आला. ज्या उंदरांनी आधी दुसऱ्या खोलीतल्या हौदात सराव केला होता, ते एपी-५ असतानाही नव्या हौदातली जागा शिकले. तेव्हापासून प्रश्न असा उभा आहे, की एपी-५मुळे अडते ती जागेची आठवण, की असं कोडं सोडवायचं कसं हे पहिल्यांदा उमगणं.