ध्रुवीय कक्षा: पृथ्वीभोवतीची आणि सूर्याभोवतीची

"पृथ्वीच्या ध्रुवांवरून रोज इतके उपग्रह जातात, मग सूर्याच्या ध्रुवांवरून यान न्यायला अडतं कुठे? रॉकेट सरळ उत्तरेला सोडायचं!" हा प्रश्न इतक्या वेळा वाचलाय की आता एकदा सविस्तर लिहितेच.

पृथ्वीभोवतीची ध्रुवीय कक्षा तुम्हाला माहीत आहे: विषुववृत्ताशी साधारण 90 अंशांचा कल, दीड-पावणेदोन तासांत एक फेरी. तिच्यातल्याच एका प्रकाराला, ज्यात उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला जातो, सूर्यसमकालिक म्हणतात. नावात सूर्य असला तरी ती कक्षा पृथ्वीभोवतीचीच, तेव्हा ती इथे आणू नका.

खरी मेख आहे ती आधीपासून अंगात असलेल्या वेगाची. जमिनीवर उभ्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे सेकंदाला फार तर 0.46 किमी वेग मिळालेला असतो. कक्षेसाठी लागणारा सुमारे 7.8 किमीचा वेग त्याला कमवायचाच असतो. तो पूर्वेकडे कमवा की उत्तरेकडे, खर्चात फरक थोडाच. पण समजा, उपग्रह विषुववृत्तावरून फिरू लागला आणि मग त्याला ध्रुवांकडे वळवायचं ठरलं. आता जुना वेग पुसून नवा द्यायला हवा. त्या एका वळणाला सेकंदाला 11 किमी इतका वेगबदल लागतो, म्हणजे वर पोहोचायला लागला त्याहून जास्त!

सूर्याच्या बाबतीत आपली गत या दुसऱ्या उपग्रहासारखी आहे. आपण आधीच कक्षेत आहोत. पृथ्वी सेकंदाला 29.8 किमी वेगाने धावते आणि तिच्यावरून सुटलेलं प्रत्येक यान तो वेग घेऊनच निघतं. सोडा उत्तरेला. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण ओलांडून सेकंदाला 10 किमी शिल्लक राहिले, तरी 29.8 आडवे आणि 10 उभे मिळून कक्षा कलते जेमतेम साडेअठरा अंश. यान 'वर' निघून जात नाही, दर फेरीत दोनदा ते पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल, म्हणजे ती कक्षा ज्या सपाट पातळीत आहे ती पातळी, छेदतं. पूर्ण 90 अंशांसाठी सेकंदाला सुमारे 42 किमी हवेत. चित्रांमध्ये ग्रहांच्या प्रतलातून सरळ वर जाणारा बाण काढतात, तो मला म्हणूनच खटकतो.

म्हणून तर युलिसिस यान सूर्याचे ध्रुव पाहायला आधी गुरूकडे गेलं. ऑक्टोबर 1990 मध्ये निघालं, 8 फेब्रुवारी 1992 ला गुरूच्या उत्तर अंगावरून गेलं आणि गुरूने त्याची वाट दक्षिणेकडे अशी वाकवली की कक्षा 80 अंशांनी कलली. तितक्या दूर यानाचा सूर्याभोवतीचा आडवा वेग बराच उतरलेला असतो, आणि वळवण्याचं काम गुरूचं प्रचंड वस्तुमान करतं, यानाचं इंधन नाही. 1994 मध्ये सूर्याचा दक्षिण ध्रुव, 1995 मध्ये उत्तर. आजवरच्या मोहिमांत मला ही सर्वांत देखणी वाटते.

सोलर ऑर्बिटर हे सूर्याचा अभ्यास करणारं यान कक्षा कलवायला गुरूऐवजी शुक्राचा आधार घेतं. शुक्र गुरूपुढे फार लहान, त्यामुळे फेब्रुवारी 2020 मध्ये निघालेलं हे यान फेब्रुवारी 2025 मध्ये सूर्याच्या विषुववृत्तापासून 17 अंशांच्या कलापर्यंत पोहोचलं. पण तेवढ्यावरूनही पुढच्याच महिन्यात त्याला सूर्याचा दक्षिण ध्रुव टिपता आला.