जखमेवर फेस आला म्हणजे जंतू मेले?

ज्वारी काढताना विळा लागला की आपल्या मराठवाड्यात घरोघरी जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली निघते. ‘जितका फेस, तितके जंतू मेले,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. डोळ्यांसमोर फेस उसळतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. कॅटालेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, आणि ते आपल्या रक्तातही भरपूर असतं. जखम जंतूविरहित असली तरी फेस येणारच.

घरी पडताळा. कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर ३ टक्क्यांच्या पेरॉक्साइडचे चार थेंब टाका: फेस येईल. पूर्ण उकडून गार केलेल्या बटाट्यावर येणार नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होतं.

उलट, कॅटालेज ही अनेक जंतूंची ढाल आहे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये ऑक्सीआर नावाचं प्रथिन पहारा देतं. पेरॉक्साइड लागताच त्यातल्या १९९ आणि २०८ क्रमांकांच्या सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये गंधकाचा पूल जुळतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि कॅटालेजचं जनुक जोरात चालू होतं. किती सुंदर यंत्रणा! धोका सरला की पूल तुटतो.

पेरॉक्साइड जंतू मारतं, हे खरंच; पण फेस हे त्याचं मोजमाप नाही. स्टॅफिलोकोकस या जंतूकडे कॅटालेज असतं म्हणून तो फेसाळतो; स्ट्रेप्टोकोकस या जंतूकडे ते नसतं, म्हणून तो नाही. जखम दोघेही चिघळवतात. शिवाय पेरॉक्साइड भरून येणाऱ्या पेशींनाही जाळतं. म्हणून जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने पाचेक मिनिटं धुवा, भोवतालची कातडी साबणाने. विळ्याला माती असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचाराच.