शुश्रूषागृहातील औषधांची साठवण व हाताळणी

औषध शुश्रूषागृहात आल्यापासून ते रुग्णाला दिल्याची नोंद होईपर्यंत किंवा नष्ट केले जाईपर्यंत घ्यावयाची काळजी. पुण्यात ती पेठांमधील लहान खासगी रुग्णालयांना लागू पडते, तशीच परावलंबी वृद्धांना सांभाळणाऱ्या निवासी केंद्रांनाही. रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते, तर औषधविक्रीवर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे नियंत्रण असते.

न उघडलेले इन्सुलिन आणि प्रसूतीच्या वेळी लागणाऱ्या ऑक्सिटोसिनची इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. फ्रीजच्या दारात तापमान सतत वरखाली होते आणि बर्फाच्या कप्प्याला टेकलेले इन्सुलिन गोठते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यावे लागते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले औषधांचे कपाट हलवणेच श्रेयस्कर. पावसाळ्यात गोळ्या दमट हवेने खराब होतात.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते कापलेल्या स्ट्रिपकडे. वृद्धांच्या केंद्रात नातेवाईक महिन्याची औषधे पिशवीतून आणून देतात. त्यांतील स्ट्रिप डब्यात मावाव्यात म्हणून कापल्या की मुदत व बॅच क्रमांक छापलेला तुकडा एकीकडे आणि गोळ्या दुसरीकडे राहतात. अशी अनोळखी गोळी, ती कितीही महाग असली, तरी देऊ नये. छापील मजकूर असलेला भाग शेवटपर्यंत राखून गोळ्या उलट्या टोकाकडून काढणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

औषध देताना सिस्टरने रुग्णाचे पूर्ण नाव विचारून ते केसपेपरशी ताडून पाहावे, कारण एकाच खोलीत दोन कुलकर्णी असणे पुण्यात नवलाचे नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. ते चुकून रोज दिले गेल्यास जिवावर बेतते, म्हणून ठरलेला वार तक्त्यावर ठळक लिहावा. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळीची पूड केली तर तिचा सगळा अंश एकदम शरीरात उतरतो. गोळी घेतल्यानंतरच नोंद करावी, आधी नव्हे.

भुलीसाठी वापरले जाणारे केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे औषध नियमांतील कडक नियंत्रणाच्या यादीत, मोडते. असे औषध कुलूपबंद ठेवून प्रत्येक कुपीचा हिशेब पाळीबदलाच्या वेळी दोघांनी मिळून पडताळावा.

मुदत संपलेली औषधे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या वर्गात, म्हणजे पिवळ्या पिशवीत गोळा करायच्या कचऱ्यात, जातात. ती बेसिनमध्ये ओतणे किंवा महापालिकेच्या घंटागाडीत टाकणे नियमबाह्य आहे.