गोठलेल्या फळावर चॉकलेट टिकलं कसं?

केळ्याचे काप करायचे, ताटलीत सुटे सुटे पसरून फ्रीझरमध्ये ठेवायचे, गोठले की वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचे आणि पुन्हा फ्रीझरमध्ये सारायचे. ओव्हन नाही, पाक नाही, तासभर फेटत बसणं नाही. शेगडीचं काम काय ते चॉकलेट वितळवण्यापुरतं. कृती चार ओळींत संपते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी हेच घरी करायला घेतलं असतं, तर जमणं कठीण होतं. फळ होतं, चॉकलेटही होतं. घरात गोठवण्याइतकी थंडी नव्हती, आणि गारठलेल्या, ओलसर वस्तूवर चॉकलेट धरून कसं ठेवायचं हे कोडं सुटायचं होतं. आज हा पदार्थ 'सोपा' म्हणवतो, कारण त्यातलं अवघड काम आधीच कुणीकुणी करून ठेवलं आहे.

थंडीपासून सुरुवात करू. बर्फ साठवण्याची विद्या जुनी आहे, पण नुसत्या बर्फाने फळाचा रस गोठत नाही. बर्फ असतो शून्य अंशावर, आणि रसातल्या साखरेमुळे त्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली गेलेला असतो. बर्फात मीठ घातलं की बर्फ वितळू लागतो, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो, आणि मिश्रणाचं तापमान उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. युरोपात ही युक्ती सोळाव्या-सतराव्या शतकांत पसरली. १६९०च्या दशकात नेपल्समध्ये अंतोनिओ लातिनी या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने गोठवलेल्या सरबतांच्या कृती लिहून ठेवल्या, त्यांत चॉकलेटचं सरबतही आहे. मला यातली गंमत वाटते ती अशी, की त्या काळी चॉकलेट हे प्यायचं पेय होतं. आज आपण जिला चॉकलेट म्हणतो ती घट्ट वडी यायला आणखी दीडशे वर्षं होती. म्हणजे चॉकलेट गोठवून आधी खाल्लं गेलं, चावून मागाहून.

वडीची कथा थोडक्यात सांगता येते, पण तिच्यातला एक दुवा पुढे लागणार आहे. १८२८मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन कुटुंबाने कोकोच्या बिया दाबून त्यांतला स्निग्धांश वेगळा काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हेतू होता पाण्यात चांगली मिसळणारी पूड बनवण्याचा. उरलं ते कोको बटर. १८४७मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको पूड आणि साखरेत हेच कोको बटर जास्तीचं घालून साच्यात ओतता येईल असं चॉकलेट केलं. पुढे १८७५च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटरने दुधाचं चॉकलेट केलं, १८७९मध्ये रोडॉल्फ लिंटने चॉकलेट तासन् तास घोटून जिभेवर विरघळण्याइतकं मऊ केलं. चॉकलेट तोंडात विरघळतं आणि हातात जेमतेम टिकतं, याचं कारणही कोको बटरच. ते ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या थोडं खाली, वितळतं.

आता अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं ओनावा हे छोटं गाव. ख्रिश्चन केंट नेल्सन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला शाळामास्तर तिथे गोळ्या-चॉकलेटं आणि आइस्क्रीमचं दुकानही चालवत होता. १९२०मध्ये एक लहान मुलगा दुकानात आला आणि आइस्क्रीम घेऊ की चॉकलेट, अशा पेचात पडला. दोन्ही हवं होतं, पैसे एकाचेच होते. नेल्सनने तीच गोष्ट डोक्यात घेतली. प्रसंग ऐकायला इतका गोड आहे की रचलेला वाटावा, पण नेल्सन स्वतः तो आयुष्यभर सांगत राहिला.

पुढचं काम गोड नव्हतं. वितळलेलं चॉकलेट आइस्क्रीमवर ओतलं की ते ओघळून जाई, नाहीतर गठ्ठे होऊन निघून येई. कारण साधं आहे. ऊन चॉकलेट लागताच आइस्क्रीमचा वरचा पापुद्रा वितळतो, पाण्याचा एक पातळ थर मधे येतो, आणि चॉकलेट तर तेलकट. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. वर चॉकलेट दाट असेल तर ते पसरण्याआधीच थिजतं, आणि थर जाड, ओबडधोबड होतो. नेल्सनने प्रयोगांवर प्रयोग केले आणि उत्तर सापडलं ते कोको बटरमध्ये. त्याचं प्रमाण वाढवलं की चॉकलेट पातळ होतं, झटकन सगळीकडे पसरतं आणि थिजायच्या आत वडीला लपेटून बसतं. ब्याण्णव वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅममध्ये पुडीसाठी वेगळं काढलेलं लोणी ओनावात असं कामी आलं. गावातल्या अग्निशामक दलांच्या स्पर्धेत त्याने आपल्या पहिल्या वड्या विकल्या, आणि त्या संपल्या. नाव ठेवलं होतं 'आय-स्क्रीम बार'.

१९२१मध्ये रसेल स्टोव्हर हा मिठाईच्या धंद्यातला माणूस त्याचा भागीदार झाला, तेव्हा नाव बदलून 'एस्किमो पाय' झालं. पेटंट जानेवारी १९२२मध्ये मिळालं. त्या वर्षीच्या वसंतात दिवसाला दहा लाख नग खपत होते असं सांगितलं जातं. वेष्टनाला चकचकीत वर्ख वापरला गेला, त्यामुळे वर्ख बनवणाऱ्या कंपनीचाही धंदा वाढला आणि तिने पुढे एस्किमो पायची कंपनीच विकत घेतली. पेटंट मात्र फार ऐसपैस लिहिलेलं होतं. नकला करणारे गल्लोगल्ली उभे राहिले, खटले चालवण्यात पैसा गेला, आणि १९२९मध्ये अपिलात न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवलं. गोठलेल्या गाभ्यावर चॉकलेटचं कवच ही कल्पना त्यानंतर कुणा एकाची राहिली नाही. घरोघरी ती बिनदिक्कत करता येते, याचं थोडं श्रेय त्या निकालालाही द्यायला हरकत नसावी. 'एस्किमो' हा शब्द आर्क्टिकमधल्या लोकांना अवमानकारक वाटतो, म्हणून २०२०मध्ये कंपनीने नाव सोडण्याचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी ते 'एडीज पाय' झालं.

काडीचा इतिहास याच सुमाराचा. ओहायोतल्या यंग्जटाउनमध्ये हॅरी बर्टने चॉकलेट चढवलेलं आइस्क्रीम केलं. ते चवीला छान पण हाताला चिकटणारं निघालं. मुलाने सुचवलं, लॉलीपॉपसारखी लाकडी काडी खोचा. १९२३मध्ये बर्टला त्याची पेटंटं मिळाली. दुसरीकडे कॅलिफोर्नियात फ्रँक एपर्सनने लहानपणी, १९०५मध्ये, पूड कालवलेल्या सरबताचा पेला ढवळणीसकट रात्रभर बाहेर विसरला होता आणि सकाळी तो गोठलेला सापडला होता. त्याने पेटंट घेतलं ते १९२४मध्ये. या दोघांच्या वारसदार कंपन्या काडीवरून कोर्टात गेल्या. तडजोड काय झाली? एकाने दुधाचं विकावं, दुसऱ्याने पाण्याचं.

या सगळ्यात फळ कुठे आहे? ते मागे राहिलं, आणि त्याला कारण आहे. फळ गोठवणं आइस्क्रीमहून अवघड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेरीवर्गातली फळं साखरेसोबत पिंपांत भरून शीतगृहात ठेवली जात, पण ती मुरंबेवाल्यांसाठी आणि आइस्क्रीमवाल्यांसाठी. पिंपाच्या मध्यापर्यंत थंडी पोचायला फार वेळ लागे, आणि बाहेर काढल्यावर फळाचा लगदा झालेला असे. मुरंब्याला तो चाले. लगदा का होतो, हे क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन संशोधकाने नेमकं हेरलं. कॅनडाच्या ईशान्येकडल्या लॅब्राडॉरमध्ये असताना त्याने पाहिलं, की तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांनी कडाक्याच्या थंडीत बाहेर काढलेली मासळी क्षणात गोठते, आणि महिन्यांनंतर वितळवली तरी ताज्यासारखी लागते. सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. झटकन गोठलं की ते बारीक राहतात. त्याने खोक्यातला माल थंडगार धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून गोठवणारं यंत्र केलं, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डमध्ये १८ दुकानांत त्या पद्धतीने गोठवलेले मासे, मांस, भाज्या, फळं विकायला आली.

घरचा फ्रीझर बर्ड्सआयचं यंत्र नव्हे. तो सावकाशच गोठवतो, स्फटिक मोठेच होतात, पेशी फुटतातच. पण चॉकलेट लावलेलं फळ वितळवून खायचंच नसतं. ते गोठलेलंच तोंडात जातं. ज्या दोषासाठी बर्ड्सआयने इतका खटाटोप केला, तो दोष इथे दिसायच्या आत संपून जातो. माझ्या मते हा पदार्थ घरात जमण्याचं खरं मर्म यात आहे, आणि कृती सांगणारे ते बहुधा सांगत नाहीत.

घरात थंडी आली तीही टप्प्याटप्प्याने. १९२७मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा डोक्यावर गोल यंत्र असलेला फ्रिज बाजारात आला आणि खपला. १९३०च्या सुमारास फ्रिऑन वायू आला. आधीच्या विषारी वायूंपेक्षा तो माणसाला निर्धोक म्हणून त्याचं स्वागत झालं, ओझोनच्या थराला तो किती महाग पडला हे अर्ध्या शतकाने कळलं. त्या पहिल्या फ्रिजांत गोठवण्याची जागा म्हणजे बर्फाच्या ट्रेपुरता एक कप्पा. कंपन्या फ्रिजसोबत पाककृतींच्या पुस्तिका देत, आणि त्यांत ट्रेमधली बर्फाच्या ठोकळ्यांची जाळी काढून तिथेच गोठवायची मिष्टान्नं असत. बिस्किटांचे थर आणि फेटलेली साय रात्रभर थंडीत मुरवून होणारा 'आइसबॉक्स केक' याच काळात लोकप्रिय झाला. न भाजता होणाऱ्या गोडाची सवय तिथून लागली असं म्हणायला जागा आहे. मोठा, सगळीकडे उणे १८ अंश राखणारा फ्रीझर सर्वसामान्य घरांत शिरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. उणे १८ हा आकडा तसा विचित्र वाटतो, पण तो म्हणजे फॅरनहाइटमधला शून्य.

मग केळ्याची पाळी. कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीच या शहरात बॅल्बोआ नावाची जागा आहे, तिथे १९४०च्या दशकापासून काडी खोचलेलं, गोठवलेलं, चॉकलेटात बुडवून शेंगदाण्यांत घोळवलेलं अख्खं केळं विकलं जातं. पहिलं कुणाचं, यावर तिथले दुकानदार आजही आपापला दावा लावतात. निवड मात्र अचूक होती. केळ्यात पाणी तीनचतुर्थांश, बाकी साखर, पेक्टिन (फळाला दाटपणा देणारा पदार्थ), थोडा स्टार्च. साखरेभोवतीचं सगळं पाणी उणे १८लाही गोठत नाही, म्हणून केळं दातांना दगड लागत नाही, मलईसारखं लागतं. द्राक्षांचंही तसंच, त्यांत साखर चांगली सोळा-सतरा टक्के असते. (लहान मुलांना अख्खं गोठलेलं द्राक्ष देऊ नये, घशात अडकतं, उभं चिरून द्यावं.) स्ट्रॉबेरी आणि कलिंगड नव्वद टक्के पाणी, त्यामुळे ती बर्फाच्या खड्यासारखी होतात. स्ट्रॉबेरी आधी कुस्करून दह्यात किंवा सायीत मिसळतात आणि त्याच्या टिकल्या गोठवतात, ते उगाच नाही.

नेल्सनचं कोको बटर आज घरात बहुतेकजण खोबरेल तेलाने भागवतात. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, गारठ्यात कडक होतं, आणि चॉकलेटला पातळ करतं. वाटीभर चॉकलेटाला एक-दोन चमचे पुरतात. शिवाय नुसतं चॉकलेट गोठल्यावर काचेसारखं तडकतं, तेल घातलेलं कवच थोडं नरम पडतं आणि चावताना तुकडे उडत नाहीत. मिठाईवाले चॉकलेटला चमक यावी म्हणून ते अंशाअंशाने तापवून-निववून घेतात. इथे त्याची गरज नाही. एकदम गारठवल्याने कोको बटरचे कच्चे स्फटिक बनतात हे खरं, पण फ्रीझरमध्ये ते बिघडायच्या आत ताटली रिकामी होते.

एका बाबतीत मात्र सूट नाही, ती पाण्याची. माझ्या पहिल्या खेपेला मी स्ट्रॉबेऱ्या धुऊन तशाच, ओल्या, वितळलेल्या चॉकलेटात बुडवल्या. तिसऱ्या स्ट्रॉबेरीला वाटीतलं चॉकलेट ओल्या वाळूसारखं घट्ट झालं होतं. दोन-चार थेंब पाणी पडलं की चॉकलेटातली साखर ते शोषते, चिकट होते आणि कणांना एकमेकांशी बांधून टाकते. तेव्हापासून फळ फडक्याने टिपून, गोठवून आणि वरचं हिव पुसूनच वाटीजवळ नेतो.

गोठलेले काप फ्रीझरमधून काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबावं, म्हणजे दातांना झोंबत नाहीत. त्याहून उशीर झाला तर केळ्याला पाणी सुटतं, ते चॉकलेटाच्या आतून झिरपतं, आणि शंभर वर्षांपूर्वी नेल्सनला जे छळत होतं ते ताटलीत डोळ्यांनी दिसतं: चॉकलेटचं कवच एकीकडे, फळ दुसरीकडे.