रोज आठ मिनिटं, सरकत्या पट्ट्यावर

डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या आईला नातेवाईक हमखास सांगतात, 'काळजी करू नकोस, चालेल त्याच्या वेळेला.' सांगण्यात माया असते. ही मुलं चालतातही, साधारण दोन वर्षांची होईपर्यंत. पण 'त्याची वेळ' ही काही सटवीने कपाळावर लिहिलेली नसते. ती अलीकडे आणता येते.

मिशिगन विद्यापीठातल्या डेल अल्रिक यांच्या गटाने 2001 साली अशा 30 बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. फिजिओथेरपी सगळ्यांनाच चालू होती. काही बाळांच्या घरी त्याशिवाय छोटी ट्रेडमिल दिली. बाळ आधाराशिवाय 30 सेकंद बसू लागलं की आईवडिलांनी त्याला धरून पट्ट्यावर उभं करायचं, रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पट्ट्याचा वेग सेकंदाला जेमतेम 20 सेंटिमीटर. ही बाळं इतरांपेक्षा सरासरी 101 दिवस आधी एकटी चालू लागली!

हे घडतं कसं? नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकतं, आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. मेंदू वाढला की ही प्रतिक्षिप्त क्रिया दबते, असं मानलं जाई. अमेरिकी बालविकास-मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांनी अशा बाळांचे पाय पाण्यात सोडले, आणि पावलं परत आली. म्हणजे पाऊल विसरलेलं नव्हतं. पाय गुटगुटीत होऊन जड झाले होते, तेवढी ताकद अजून आली नव्हती. पुढे त्यांनी सात महिन्यांची बाळं ट्रेडमिलवर धरली. तीही आळीपाळीने पावलं टाकू लागली. पट्टा पाय मागे ओढतो, मांडीच्या पुढचे स्नायू ताणले जातात, त्या ताणाचा संदेश मज्जारज्जूत पोचतो आणि पाय स्प्रिंगसारखा पुढे येतो. तोवर भार दुसऱ्या पायावर. तोल सांभाळायचा धडा तो हाच.

डाउन सिंड्रोम असलेल्या, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असलेल्या बाळात ही स्प्रिंग मुळातच सैल असते. स्नायू ढिले, सांध्यात हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंधही ढिले. पांगुळगाडा घेऊन त्याने स्वतः पाऊल टाकावं लागतं. पट्टा मात्र पाय पुरेसा मागे नेऊन ताण निर्माण करतो, तोही हजारो वेळा. (अस्थिबंध मानेतलेही सैल असतात, म्हणून फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय बाळाला ट्रेडमिलवर धरू नका.)

बोलण्यासाठी असा पट्टा अजून कुणी बनवलेला नाही. 'तीन आठवड्यांत बोलेल' अशा जाहिरातींना भुलू नका. जिभेला वेखंड लावून वाचा फुटत नाही, आणि मधात उगाळून तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नका. मधातून बोट्युलिझमसारखी गंभीर विषबाधा होऊ शकते. आधी कान तपासा. या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचणं फार सामान्य आहे, आणि शब्द अस्पष्ट ऐकू आला तर उच्चार कुठून शिकणार?

बहुतेक मुलांना बोलता येतं त्याहून बरंच जास्त समजत असतं. जिभेपेक्षा हात लवकर वळतो, म्हणून स्पीच थेरपिस्ट 'दूध', 'दे', 'अजून' यांच्या खुणा शिकवतात, शब्द उच्चारत उच्चारत. खुणांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती मी अनेक पालकांच्या तोंडून ऐकली आहे. घडतं उलट: शब्द नीट जमू लागला की ती खूण हळूहळू आपोआप गळून पडते.