सर्दीच्या विषाणूला रायबोसोम नसतो

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींना सर्दी झाली. नाक गळतंय, घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय. संध्याकाळी दारात आल्या तेव्हा हातात गोळ्यांची पट्टी होती. अझिथ्रोमायसिन ५००, तीन गोळ्या, त्यातली एक पोटात गेलेली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न विचारता काढून दिली होती.

"ताई, तुम्ही इतकी वर्षं बायोलॉजी शिकवलीत. तीन दिवसांत उतरेल ना हो?"

मी म्हटलं, "सर्दी उतरेल, पण ह्या गोळीने नाही."

"असं कसं? अँटिबायोटिक आहे. चांगलं स्ट्राँग आहे म्हणाला तो."

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. का चालत नाही, ते मात्र फारसं कोणी सांगत बसत नाही. आणि कारण ठाऊक नसलेला नियम घरात कोणी शिंकायला लागलं की पहिला मोडतो. म्हणून त्या दिवशी वहिनींना बसवून घेतलं, आल्याचा चहा टाकला आणि जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. कारण एका शब्दाचं आहे, रायबोसोम. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला तरी हा शब्द परका वाटू नये असं मला मनापासून वाटतं. रायबोसोमची रचना उलगडली म्हणून २००९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तिघांत वाटून. अदा योनाथ, थॉमस स्टाइट्झ आणि आपले व्यंकटरामन रामकृष्णन. रामकृष्णन लहानाचे मोठे झाले ते बडोद्यात. आईवडील दोघेही इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वैज्ञानिक, आणि १९७१ साली त्यांनी बी.एस्सी. केलं तेही इथेच. विषय मात्र भौतिकशास्त्र! अमेरिकेत जाऊन भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि मग जीवशास्त्राचे धडे पहिल्यापासून गिरवले.

पेशीचं चित्र नववीच्या वहीत आपण सगळ्यांनी काढलेलं असतं. बाहेर पटल, मधे केंद्रक, तंतुकणिका, आंतरद्रव्यजालिका. त्या जालिकेवर पेन्सिलीने टिंबं टिंबं काढायची आणि बाण मारून 'रायबोसोम' लिहायचं. अर्धा गुण. मला आजही वाईट वाटतं की पेशीतली सगळ्यात विलक्षण वस्तू आपण टिंबावर भागवतो.

हे टिंब म्हणजे प्रथिनं विणणारा माग आहे. जिवाणूतला रायबोसोम साधारण २० नॅनोमीटरचा असतो, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा जागेत पन्नासहून जास्त प्रथिनं आणि आरएनएचे तीन धागे घडी घालून बसवलेले असतात. डीएनएमध्ये कृती लिहिलेली असते, तिची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ही नक्कल पट्टीसारखी रायबोसोममधून सरकत जाते. रायबोसोम तिच्यावरची अक्षरं तीन-तीन करून वाचतो आणि प्रत्येक त्रिकासाठी नेमून दिलेलं अमिनो आम्ल साखळीला जोडतो. अक्षरं चार, त्यांची त्रिकं ६४, अमिनो आम्लं २०. जिवाणूच्या पेशीत हे काम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं ह्या वेगाने चालतं. आपल्या पेशीत जरा सावकाश, पाच-सहा. वहिनी चहाचा एक घोट घेतात तेवढ्यात त्यांच्या एकेका पेशीतल्या लाखो रायबोसोमांनी आपापल्या साखळ्यांना पाच-सहा मणी ओवलेले असतात.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते सांगते. जरा धीर धरून वाचा.

अमिनो आम्ल आपण होऊन येत नाही. त्याला घेऊन येणारा हमाल म्हणजे टी-आरएनए. हमालाच्या एका टोकाला अमिनो आम्ल आणि दुसऱ्या टोकाला तीन अक्षरांचा बिल्ला. पट्टीवरचं त्रिक आणि हा बिल्ला जुळला तर माल उतरवायचा, नाही तर परत पाठवायचं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की दारात हमालांची झुंबड असते आणि त्यातल्या कित्येकांचा बिल्ला तीनपैकी दोन अक्षरांत जुळतो. अक्षरं एकमेकांना धरतात ती हायड्रोजन बंधांनी. बरोबर जोडी आणि जवळजवळ बरोबर जोडी यांच्या पकडीतला फरक फार थोडा असतो. नुसत्या पकडीवर भिस्त ठेवली असती तर रायबोसोमच्या चुका आहेत त्याहून कितीतरी जास्त झाल्या असत्या. प्रत्यक्षात हजार ते दहा हजार अमिनो आम्लांमागे एखादीच चूक होते. हे जमतं कसं?

बांगड्या भरताना कासार काय करतो ते आठवा. तो पट्टी लावून मोजत नाही. हात हातात घेतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबतो आणि सांगतो, सव्वादोन. त्याची बोटं आकार वाचतात. रायबोसोम नेमकं हेच करतो. त्याच्या लहान भागात आरएनएचा सुमारे दीड हजार अक्षरांचा धागा आहे. त्यातली १४९२ आणि १४९३ या क्रमांकांची दोन अक्षरं, दोन्ही ॲडेनिन नावाची, एरवी आत वळलेली असतात. त्रिक आणि बिल्ला जुळून पिळाचा छोटासा तुकडा तयार झाला की ही दोन अक्षरं बोटांसारखी बाहेर येतात आणि त्या पिळाची खाच चाचपतात. ५३० क्रमांकाचं ग्वानिन हे अक्षरही वळून मदतीला येतं. जोडी बरोबर असेल तर खाचेचा आकार ठरलेला असतो, मग अक्षरं कोणतीही असोत, आणि बोटं तिथे चपखल बसतात. जोडी चुकीची असेल तर आकार जरासा बिघडतो, बोटं बसत नाहीत. पहिल्या दोन अक्षरांची तपासणी अशी कडक, तिसऱ्याला थोडी मोकळीक. म्हणून तर कित्येकदा तिसरं अक्षर बदललं तरी अमिनो आम्ल तेच राहतं, हे कोष्टक आपण कारण न कळता पाठ केलेलं असतं.

बोटं बसली की लहान भाग किंचित मिटतो आणि हमालाला धरून आणणारं प्रथिन आपल्याजवळचा जीटीपी ह्या इंधनाचा रेणू फोडून बाजूला होतं. त्यानंतर माल आत वळण्यापूर्वी चुकीच्या हमालाला निसटायची आणखी एक संधी मिळते. म्हणजे चाळणी दोनदा. हे सगळं सेकंदाच्या एका लहानशा अंशात. रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली ह्या लहान भागाची रचना अणूंच्या पातळीवर दाखवली आणि पुढच्या वर्षी ही चाचपणारी बोटं. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं ह्याच तपासणीत गोंधळ घालतात, मग जिवाणूचा रायबोसोम चुकीचा माल पास करत सुटतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. रायबोसोम बिल्ला तपासतो, पट्टीवर लिहिलेला मजकूर तपासत नाही. मजकूर मुळातच चुकला असेल तर तो चुकलेला मजकूरही इमानाने वाचतो. बडोद्याच्या पूर्वेला आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि ते बदलतं एका अक्षरामुळे. त्या माणसाच्या रायबोसोममध्ये काहीही बिघाड नसतो.

आता वहिनींची गोळी. विणली जाणारी साखळी रायबोसोमच्या मोठ्या भागातल्या एका बोगद्यातून बाहेर येते. हा बोगदा सुमारे १० नॅनोमीटर लांब आणि एक-दोन नॅनोमीटर रुंद. दिवाळीच्या शेवेचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. पिठात न चाळलेला ओवा पडला की जाळीच्या भोकात एक दाणा अडकतो, तिथली शेव थांबते आणि वरून कितीही दाबलं तरी येत नाही. अझिथ्रोमायसिन हा तो ओव्याचा दाणा. बोगद्याच्या तोंडाजवळच्या भिंतीला तो चिकटतो, साखळी सहा-आठ अमिनो आम्लांची होते आणि अडते. अर्थात दाणा भोक पूर्ण बुजवत नाही. काही साखळ्या कडेने वाट काढतात, पुष्कळ अडकतात, आणि तेवढ्याने जिवाणूची वाढ खुंटते. ह्याच कुळातलं थोरलं औषध म्हणजे एरिथ्रोमायसिन. ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवाकडून मिळालं आणि १९५२ साली बाजारात आलं. आपल्याकडे घरोघरी ते 'अल्थ्रोसिन' ह्या नावाने माहीत झालं आणि ती गोळी बडोद्याच्याच अलेम्बिकची.

मग हा दाणा आपल्या सोऱ्यात का अडकत नाही? आपल्या पेशीही रायबोसोमवरच चालतात. उत्तर एका अक्षराचं आहे. जिवाणूच्या मोठ्या आरएनएत २०५८ क्रमांकाला ॲडेनिन असतं, औषध त्याला बिलगतं. आपल्या रायबोसोममध्ये त्या जागी ग्वानिन आहे, आणि औषधाला नीट टेकता येत नाही. कोट्यवधी माणसांनी ही गोळी निर्धास्त घेतली ती ह्या एका अक्षराच्या भरवशावर. काही जिवाणू तेच ॲडेनिन वाचवायला शिकलेत. त्यांच्याकडे एक विकर (एन्झाइम) असतं, ते त्या ॲडेनिनवर मिथिलचा एखाददुसरा गट चढवतं. एवढ्याशा टोपीने औषधाची जागा जाते. रायबोसोमचं काम मात्र सुरळीत चालू. ह्या विकराची कृती जिवाणू एकमेकांना देतातही. वहिनींनी सर्दीसाठी घेतलेली गोळी सर्दीला काही करणार नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंना गाठेल. त्यातले साधे मरतील आणि टोपीवाले उरतील. पुढे कधी खरोखरचा न्यूमोनिया झाला तर त्या वेळी ह्याची किंमत मोजावी लागू शकते.

आपल्यातही एक हळवी जागा आहे. तंतुकणिकांचे रायबोसोम वेगळे असतात, जिवाणूंच्या वळणाचे, कारण तंतुकणिका फार पूर्वी जिवाणूच होत्या. काही घराण्यांत आईकडून येणारा एक बदल असतो, तंतुकणिकेच्या डीएनएत १५५५ व्या जागी एक अक्षर वेगळं. त्यामुळे तिथला रायबोसोम जिवाणूसारखा आणखीच दिसू लागतो, आणि अशा माणसाला जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनाने कायमचं बहिरेपण येऊ शकतं. आजोळी कोणाला असं झालं असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

रायबोसोमचा विषय निघालाच आहे, तर सध्या बाजारात बोकाळलेल्या कोलेजन पावडरींबद्दलही बोलते. डब्यावर लिहिलेलं असतं की हे प्या, कोलेजन थेट त्वचेत जाऊन बसेल. कोणतंही प्रथिन पोटात गेलं की त्याची अमिनो आम्लं होतात, फार तर काही लहानसहान तुकडे उरतात. त्यातून काय विणायचं ते तुमच्या पेशीतल्या पट्ट्या ठरवतात, डब्यावरचं चित्र ठरवत नाही. महिन्याला दोन-दोन हजार रुपये घालणाऱ्या मुली मी पाहते तेव्हा जीव तुटतो. वरणभात, मोडाची उसळ, दही, एखादं अंडं आणि 'क' जीवनसत्त्वासाठी लिंबू, ह्यात रायबोसोमला लागणारी सगळी वीस अमिनो आम्लं येतात.

आणि सर्दीचा विषाणू? त्याच्याकडे प्रथिनांची टरफलं आहेत आणि आत आरएनएची एक पट्टी. रायबोसोम नाही. एकही नाही. जिवाणूएवढे मोठे राक्षसी विषाणूही सापडलेत. ब्राझीलमधल्या तुपानविषाणूकडे तर टी-आरएनए आणि प्रथिनं विणायला लागणारं जवळजवळ सगळं सामान आहे, पण रायबोसोम त्याच्याकडेही नाही. म्हणून कुठल्याही विषाणूला दुसऱ्याच्या पेशीत शिरावंच लागतं. सर्दीचा विषाणू स्वतःची पट्टी आपल्या रायबोसोममध्ये सरकवतो आणि आपला रायबोसोम ती वाचतो. अझिथ्रोमायसिनला जिथे अडकायचं ते भोकच विषाणूकडे नाही, आणि विषाणू जो सोऱ्या वापरतोय तो आपला, ग्वानिनवाला.

वहिनींनी कप खाली ठेवला आणि अगदी मुद्द्याचं विचारलं. "मग आपल्या रायबोसोमला कळत नाही का, की ही पट्टी परक्याची आहे?"

रायबोसोमला नाही कळत. पण पेशीला कळतं. विषाणू आपल्या नकला काढताना मधे आरएनएचे दुहेरी धागे तयार होतात, आणि इतके लांब दुहेरी धागे निरोगी पेशीत सहसा नसतात. पीकेआर नावाचं एक विकर त्यांच्यावर पहारा ठेवून असतं. असा धागा सापडला की ते विणकाम सुरू करून देणाऱ्या एका प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि नव्या साखळ्या सुरू होणं जवळजवळ बंद पडतं. परक्याच्या पट्टीबरोबर स्वतःच्या पट्ट्याही थांबतात. पेशी आपलेच माग बंद करून बसते, कधी कधी त्यापायी मरतेही. पण बंद पडण्याआधी ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना ते १९५७ साली सापडलं. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींच्या दाराशी पोचतं आणि त्या अजून निरोगी असतानाच पीकेआर वाढवून तयारीत बसतात. सर्दीत अंग मोडून येतं आणि पडून राहावंसं वाटतं, त्यात ह्या इंटरफेरॉनचाही वाटा असतो.

"म्हणजे हे अंग दुखतंय ते औषधच चाललंय म्हणा," वहिनी म्हणाल्या, आणि उरलेल्या दोन गोळ्या पदरात बांधून घरी जाऊन झोपल्या. आठव्या दिवशी नाक मोकळं झालं.